दान केलेल्या रक्ताची पारख

अपघातांत सांपडलेला मनुष्य, प्रसूतींत अतिरक्तस्राव झालेली माता, थॅलेसीमिया झालेलें बालक, यांच्यासाठीं रक्ताची जागा दुसरें कोणतेंहि औषध घेऊं शकत नाहीं. परंतु जें रक्त जीव वांचवितें, त्याच रक्तावाटे रोगहि एका देहांतून दुसऱ्या देहांत जाऊं शकतो. म्हणून दान केलेलें रक्त रोग्यास देण्यापूर्वीं त्याची पारख कशी होते, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि समजून घेणें अगत्याचें आहे.

१९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानें मानवी रक्ताचे गट जगापुढें मांडले. परंतु गट जुळला म्हणजे रक्त निर्दोष ठरलें, असें नाहीं. आपल्या देशांत दान केलेलें सर्व रक्त एच्. आय्. व्ही., हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, उपदंश व हिंवताप या पांच गोष्टींसाठीं तपासणें आवश्यक आहे.

विषाणु शरीरांत शिरला म्हणजे त्याच्याशीं झुंजण्याकरितां शरीर प्रतिद्रव्यें निर्माण करतें. एच्. आय्. व्ही. व हेपॅटायटिस सी यांच्या नेहमींच्या चाचण्या मुख्यत्वें या प्रतिद्रव्यांचाच शोध घेतात. पावलांचे ठसे पाहून चोर घरांत शिरला हें ताडावें, तसाच हा प्रकार. परंतु हे ठसे उमटण्यास वेळ लागतो: एच्. आय्. व्ही. च्या बाबतींत सुमारें तीन आठवडे, हेपॅटायटिस सी च्या बाबतींत सुमारें दोन महिने. या मधल्या मुदतीस ‘विंडो पीरियड’ म्हणतात. या मुदतींत रक्त चाचणीस निर्दोष दिसतें. विषाणु मात्र त्यांत असतो.

यावर उपाय म्हणजे ठसे न पाहतां चोरासच शोधणें. प्रत्येक विषाणूच्या पोटीं डी. एन्. ए. किंवा आर्. एन्. ए. हें आनुवंशिक द्रव्य असतें. ‘नॅट’ या नांवाची चाचणी तेंच हुडकते. हें द्रव्य अत्यल्प असल्यामुळें प्रथम त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. अशा प्रती वाढविण्याची पी. सी. आर. ही रीत अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांस १९८३ सालीं सुचली. १९९३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या रीतींत प्रत्येक फेरींत प्रती दुप्पट होतात. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: एकाचे तीस वेळां दुप्पट केल्यास १०७ कोटींहून अधिक संख्या येते! एवढ्या प्रती झाल्यावर यंत्रास त्या सहज ओळखतां येतात. या चाचणीमुळें एच्. आय्. व्ही. ची विंडो सुमारें अकरा दिवसांवर, व हेपॅटायटिस सी ची सुमारें एका आठवड्यावर आली आहे.

तरीहि विंडो पूर्णपणें मिटलेली नाहीं. जपानचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथील रेड क्रॉसनें १९९९ सालीं नॅट सुरू केली, तेव्हां ५०० दात्यांचे नमुने एकत्र मिसळून तपासले जात. मिसळण्यानें खर्च वांचतो, पण विषाणु विरळ होऊन निसटण्याचा संभव वाढतो. म्हणून पुढें ही संख्या ५० वर, व २००४ सालीं २० वर आणली. इतकें करूनहि २०१३ सालीं एका दात्याच्या रक्तांतून रोग्यास एच्. आय्. व्ही. ची बाधा झाल्याचें आढळलें. या दात्यानें रक्तदानापूर्वींच्या प्रश्नावलींत खरी माहिती दिली नव्हती. २०१४ सालापासून तेथें प्रत्येक दात्याचा नमुना स्वतंत्रपणें तपासला जातो. पण बाधा झाल्यावरचे पहिले कांहीं दिवस स्वतंत्र तपासणींतहि विषाणु दिसत नाहीं.

यावरून काय घ्यावयाचें? यंत्र जेथें थांबतें, तेथें दात्याच्या सत्यवचनावरच रोग्याचा जीव अवलंबून असतो. विद्यार्थ्यांनो, अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर तुम्हांस रक्तदान करतां येईल. त्या वेळीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें संकोच न धरतां खरीं द्या. स्वतःच्या रक्ताविषयीं शंका असल्यास ती फेडण्याकरितां रक्तदान करूं नका. सरकारी रुग्णालयांत त्यासाठीं निराळी तपासणी होते, व ती गुप्त ठेवली जाते. पालकांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, दात्यासाठीं प्रत्येक वेळीं नवी, निर्जंतुक सुई वापरतात. रक्त दिल्यानें दात्यास यांपैकीं कोणताहि रोग जडत नाहीं. नॅट आपल्याकडील सर्वच रक्तपेढ्यांत होत नाहीं. तेव्हां घरच्या रोग्याकरितां रक्त घेतांना ती झाली आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.