उलटी नदी, खारपाणपट्ट्यातला समुद्र

मी अमरावतीत गूढ शब्दकोडी रचतो. अकोल्याचा एक मित्र त्यांची चिरफाड करतो. त्यातून हाती लागलेलं थोडं.

१. संकेतात दोनच गोष्टी हव्यात: उत्तराचा सरळ अर्थ आणि अक्षरांची करामत. भरतीचा एकही शब्द नको. इंग्रजीत 'झिमेनीझ' नावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६च्या पुस्तकात हे दंडक बांधून दिले. आपल्याकडे तसं कोणी केलेलं नाही, म्हणून भांडायला मोकळीक आहे.

२. मराठी चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. त्यामुळे इंग्रजीसारखी मनसोक्त उलथापालथ जमत नाही. उलटवणं, जोडणं, लपवणं यांवरच भागवावं लागतं. 'नदी उलटली की गरीब (२)' चालतं: दीन. 'नदी उलटली की दिवस' चालत नाही, कारण तो 'दि' ऱ्हस्व.

३. उत्तराचा तुकडा संकेतात उघडा ठेवू नये. एकाने दर्यापूरसाठी लिहिलं होतं, 'समुद्राला पूर'. अर्धं उत्तर तर त्यानेच देऊन टाकलं! आम्ही घासूनपुसून केलं: 'समुद्रापाठोपाठ नदीचं थैमान, गाव खारपाणपट्ट्यातलं (४)'. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, त्यामुळे समुद्र उगाच आल्यासारखा वाटत नाही.

४. कोडं सुटण्यासाठी असतं. आमच्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी नातं असलेल्या महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, ते परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून. आपल्याला तसं काही राखायचं नाही. उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याने कपाळावर हात मारला पाहिजे, रचणाऱ्याच्या पाठीत नाही.

५. बोली वापरावी. कापसासाठी संकेत होता: 'कारण विचार, पांढरं सोनं मिळेल (३)'. का, पूस. मित्र म्हणाला, "अबे, आपल्याकडं 'का' कोन म्हनते? काहून म्हनते लोकं." मग झालं: 'काहून, हे पुणेरीत विचार, पांढरं सोनं मिळेल'. पहिल्यापेक्षा कितीतरी सरस.

६. मूर्तिजापुरावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मूर्ती, जा, पूर असे तुकडे सरळ पडतात. पण सुटी मूर्ती दीर्घ आणि गावातली ऱ्हस्व. मित्र म्हणतो, "एवढं चालते बे." मी म्हणतो, मग उलटी नदी दिवसही होऊ दे.