पन्नासेक म्हणजे एक्कावन्न नव्हे!

बोलताना आपण नेमका आकडा क्वचितच सांगतो. 'जोतिबाच्या यात्रेला आम्ही दहाबारा जण गेलो', 'बाजारात पन्नासेक म्हशी होत्या', असंच बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. पंचाईत होते ती हेच इंग्रजीत लिहिताना.

'दहाबारा'चे 'टेन ट्वेल्व्ह' असे जोडून लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटायचे दहा वाजून बारा मिनिटे! मध्ये 'ऑर' घाला : 'टेन ऑर ट्वेल्व्ह'. 'पन्नासेक'मधला 'एक' तर भलताच फसवा. तो मोजायचा एक नव्हे, अंदाजाचा आहे. म्हणून 'फिफ्टी वन' नाही, 'अबाउट फिफ्टी'.

विसाच्या वर थोडी माणसे असली, तर इंग्रजीत 'ट्वेंटी-ऑड मेन' म्हणतात. त्यातली छोटी आडवी रेघ विसरू नका. 'ऑड'चा दुसरा अर्थ विचित्र. रेघ गाळली की झाली 'वीस विचित्र माणसे'. घरी पाव्हणे आले असतील तर जरा जपूनच!

'नियरली' म्हणजे जवळजवळ. आकडा अजून गाठलेला नाही. 'ओव्हर' म्हणजे ओलांडला. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४चा, निधन ६ मे १९२२ रोजी. वजाबाकी करून पाहा. ४७ वर्षे पुरी झाली होती, ४८ला दोन महिनेही उरले नव्हते. म्हणून 'नियरली फॉर्टी-एट' बरोबर, 'ओव्हर फॉर्टी-एट' चूक.

२०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ भरली. तिच्यामागे 'अबाउट' लावू नये. शेवटचा एक माणूससुद्धा मोजलाय, मग अंदाज कसला? 'अबाउट' हवेच असेल तर आकडा गोल करा : 'अबाउट थर्टी-नाईन लाख'.

काही ठिकाणी मात्र अंदाज मुळीच चालत नाही. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. कुणी 'अबाउट थर्टी-नाईन फीट' असे कळवले, तर नदीकाठच्या माणसाने काय समजायचे? इशारा झाला, की व्हायचा आहे? गोठ्यातली जनावरे आत्ता हलवायची, की सकाळी? म्हणून तिथे फूट आणि इंच दोन्ही सांगतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. आज ती हकिगत लिहिताना 'ओव्हर फिफ्टी-फाईव्ह फीट' चालेल; त्या रात्री चालले नसते.

आता ही वाक्ये इंग्रजीत लिहून आणा. पालकांनीही करून पाहायला हरकत नाही. 'अबाउट' कुठे नको, तेवढे ओळखा.

आमच्या गल्लीत तीसेक घरे आहेत.
पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर आहे.
आज बंधाऱ्यावर पाणी ३८ फूट २ इंच आहे.