आधी चाल बघ, रंग मागाहून

किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचं ते रविवार बघून नव्हे, तिथी बघून. तिथीची पाऊणपट केलीस की मुंबई-अलिबागकडच्या पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सुकती त्याच्या सहाएक तास आगेमागे. कोळ्यांचा हा हिशेब मोबाइलमधल्या तक्त्याशी ताडला तर फार चुकीचा निघत नाही. एकादशी ते त्रयोदशी, शुद्ध असो की वद्य, पाणी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या सुमारास पुरं भरतं. ते दिवस धर. उजाडता उजाडता आक्षीच्या किनाऱ्यावर पोच आणि सुरूच्या बनाकडे पाठ करून बस. ऊन पाठीमागून येतं, आणि चढतं पाणी पक्ष्यांना आपणहून तुझ्याकडे ढकलत आणतं. सुकतीला तेच पक्षी पार लांब चिखलात पांगलेले असतात. दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. संध्याकाळी तर जाऊच नकोस. सूर्य समुद्रावर असतो, सगळे पक्षी काळेच.

आता ओळखायचं कसं? पुस्तकातला तांबूस, नक्षीदार पक्षी शोधत बसू नकोस. तो या स्थलांतरित पक्ष्यांचा विणीचा पोशाख. गणपतीच्या आगेमागे काही जण त्याचे उरलेसुरले रंग घेऊन उतरतात, एप्रिलमध्ये निघताना काहींवर तो पुन्हा चढू लागतो. मधले सगळे महिने बहुतेक मंडळी करडी-मातकट. म्हणून चाल बघ.

चिखल्या, म्हणजे प्लव्हर, धावतो, थबकतो, एकदाच टोचतो, पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून डोळा मोठा आणि चोच आखूड. तुतवाराच्या, म्हणजे सँडपायपरच्या, गणगोतातले बरेचसे मान खाली घालून चोच सारखी चिखलात खुपसत राहतात, कारण त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. एवढं पाहिलंस की अर्धा थवा वेगळा झालाच. मग बारकावे. लाटेच्या पाठोपाठ खाली आणि लाटेपुढे वर अशी धावपळ करणारा पांढुरका तो सँडरलिंग. साधा तुतवार बूड सारखं वरखाली हलवत असतो. वर वळलेली लांब चोच आणि वाकून, लगबगीने पळणं दिसलं तर टेरेक सँडपायपर. दगड-शिंपले उलटे करत जाणाऱ्या टर्नस्टोनला तर पुस्तकही लागत नाही. बघत राहणं हेच खरं. अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींना सुगरणीच्या संसाराचा उलगडा झाला तो शिडीवर बसून तासन्‌तास बघत राहिल्यामुळेच.

चोच मोजायची ती त्याच्याच डोक्याशी. खाली वाकलेली चोच डोक्याच्या तिप्पट वाटली तर कोरल (कर्ल्यू), दुपटीच्या आसपास वाटली तर व्हिम्ब्रेल. पण कोवळ्या कोरलाची चोच आखूड असते, तेव्हा डोकंही बघ. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर ठळक पट्टे असतात. पायांच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नकोस. चिखलाने माखलेले पिवळे पाय काळेच दिसतात. आणि एका पायावर टुणटुणत जाणारा दिसला म्हणून हळहळू नकोस, दुसरा पाय बहुधा त्याने पोटाशी घेतलेला असतो.

उडताना पुष्कळ काही उघडं पडतं. ग्रे प्लव्हरच्या काखेत काळा डाग, रेडशँकच्या पंखांची मागची कड पांढरी, कर्ल्यू सँडपायपरचं ढुंगण पांढरंशुभ्र. पण म्हणून थवा उडवायचा नाही. फोटोसाठी थव्यामागे धावणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. हजारो मैल उडून आलेली पाखरं ती, भरतीच्या वेळी जरा विसावतात आणि तिथेही आपण त्यांना पळवायचं! कुत्रं येतं, घोडागाडी येते, ससाणा येतो. पक्षी आपसूक उडतात. तेवढ्यापुरती दुर्बीण तयार ठेव.

एकटा पक्षी दिसला तर त्याचा आकार सांगायला जाऊ नकोस, उघड्या वाळूवर नजर हमखास फसते. ओळखीचा कुणी त्याच्या शेजारी येऊ दे. तुतवार साधारण बुलबुलाएवढा. तो मापाला बरा.

आणि लेसर नि ग्रेटर सँड प्लव्हर वेगळे ओळखण्यापायी सकाळ घालवू नकोस. ग्रेटरची चोच लांब नि दणकट, पाय उंच. दोघं शेजारी उभे राहिले तरच ते नीट कळतं. नाही कळलं तर वहीत नुसतं ‘सँड प्लव्हर’ लिही. आता तर पक्षिशास्त्रज्ञांनी लेसरच्याही दोन जाती केल्या आहेत, सायबेरियन आणि तिबेटी. नावापुढचा रकाना जरा रुंदच आख.