संगणक छापतो, वाचायचे आपण

पूर्वी सातबाऱ्याचा उतारा हवा असला म्हणजे तलाठ्यांना गाठावे लागे. त्यांच्याकडे तीन-चार गावे असायची. आज ते ह्या गावी, तर उद्या त्या गावी. भेटले म्हणजे दप्तर सोडायचे, नोंद शोधायची, हाताने नक्कल लिहायची. शेतकऱ्याचा सारा दिवस त्यात जाई. आता सेवा केंद्रातला मुलगा चार कळा दाबतो आणि छापील उतारा हातात देतो.

हे काम संगणक करतो. बोलताना आपण त्याला कॉम्प्युटर म्हणतो. हे यंत्र कोठून आले आणि त्याने आपल्या कामात काय बदल केला, ते आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत.

यंत्र कसे आले?

१९४६ साली अमेरिकेत एक मोठा संगणक लोकांना दाखवण्यात आला. त्याचे नाव एनिअॅक. वजन सुमारे ३० टन! एक मोठी खोली त्याने भरून गेली होती. तोफेचा गोळा कोठे पडेल, याचे हिशेब करण्यासाठी तो बांधला होता. एका सेकंदात तो ५,००० बेरजा करी.

आपल्या देशात पहिला संगणक १९५५-५६ साली कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आला. तो इंग्लंडहून आणलेला होता. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी एक संगणक बांधला. १९६० साली तो चालू झाला. त्याचे नाव टिफ्रॅक. पंडित नेहरूंनी १९६२ साली ते नाव दिले.

तेव्हाचा संगणक खोलीएवढा होता. आज आपल्या खिशातला मोबाईल हाही एक संगणकच आहे, आणि तो त्या जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

काम गेले की वाढले?

यंत्र आले की माणसाच्या पोटात भीतीचा गोळा येतो. आपली भाकरी जाईल काय, असे वाटते. १९६० नंतरच्या काळात विमा कामगारांनी संगणकाला मोठा विरोध केला. कलकत्त्यात तर यंत्र आत येऊ नये म्हणून त्यांनी इमारतीवर पहारा ठेवला होता.

ती भीती अगदीच खोटी नव्हती. वह्यांवर वह्या लिहिणाऱ्या कारकुनांची कामे कमी झाली. पण नवी कामेही निघाली. यंत्र चालवणारे, दुरुस्त करणारे, माहिती भरणारे लोक लागू लागले. ही कामे कोणाला मिळाली? जे शिकले त्यांना. महाराष्ट्रात २००१ सालापासून एमएससीआयटी नावाचा संगणकाचा वर्ग चालतो. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनीही तो केला.

शाळेतही बदल झाला. पुस्तकात काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. मोबाईल त्यावर धरला की त्या धड्याची जास्त माहिती दिसते. पण २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले, तेव्हा काय झाले? ज्या घरी मोबाईल नव्हता, तेथले मूल मागे राहिले. तेव्हा यंत्राचा फायदा सर्वांना सारखा पोचत नाही, हेही ध्यानात धरले पाहिजे.

यंत्राला चूक कळत नाही

आता मुख्य गोष्ट ऐका. संगणक हिशेब झटकन करतो. पण त्याला खरे-खोटे कळत नाही. माणूस जे भरील तेच तो छापून देतो. जाते जसे, तसाच तो. वरून ज्वारी घातली तर खाली ज्वारीचेच पीठ पडणार!

जुन्या दप्तरातले सातबारे माणसांनीच पाहून संगणकात भरले. भरताना कोठे नाव चुकले, कोठे आकडा चुकला. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. उतारे लोकांपुढे वाचले गेले, आणि लोकांनी चुका दाखवल्या.

समजा, रखमाबाईंचे शेत १ हेक्टर २० आर आहे. भरताना २० चे ०२ झाले. मग कागदावर १ हेक्टर २ आर उरले. म्हणजे १८ आर जमीन कागदावरून गेली! एक आर म्हणजे साधारण एक गुंठा. शेत जागेवरच आहे, पण विकताना, कर्ज काढताना कागदच बोलतो. ही चूक यंत्र सांगणार नाही. रखमाबाईंनीच ती वाचली पाहिजे.

उतारा हाती आला की हे पाहा

१. गाव आणि गट नंबर बरोबर आहे ना?
२. खातेदारांची नावे नीट आहेत ना? बहिणीचे, विधवा सुनेचे नाव गळले नाही ना?
३. क्षेत्र बरोबर आहे ना?
४. 'इतर अधिकार' ह्या रकान्यात फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो का?
५. कोणते पीक लिहिले आहे?

पिकाची नोंद २०२१ सालापासून शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू शकतो. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. ती वेळेवर करावी.

लिहिण्यातली चूक दिसली तर तहसीलदारांकडे अर्ज करावा. जुन्या उताऱ्याची प्रत जोडावी. अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी.

आणखी एक. मोबाईलवर येणारा गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, अनोळखी माणसाला फोनवर सांगू नये. तो आकडा म्हणजे घराची किल्ली आहे.

मंडळी, यंत्र कितीही हुशार झाले तरी आपले नाव आपणच वाचायचे आहे. अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी कागद वाचा. न समजल्यास विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्न

१. टिफ्रॅक संगणक कोठे बांधला?
२. संगणकाला जात्याची उपमा का दिली आहे?
३. १ हेक्टर २० आर आणि १ हेक्टर २ आर यांत किती फरक आहे?
४. आपल्या घरचा सातबारा काढून मोठ्याने वाचा. त्यातली नावे व क्षेत्र वहीत लिहा.