खांदा, धक्का आणि एल्क

शीर्षक वाचून "हा कुठला नवीन इलेक्टिव्ह?" असं वाटलं असेल, तर थांबा. हा लेख न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल आहे. फक्त उदाहरण जरा लांबचं आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं. आणि हो, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर मराठी विभागाच्या संपादकांना दोष देऊ नये.

त्याचं असं झालं. माझी मावसबहीण लग्नानंतर कोलोरॅडोत स्थायिक झाली. तिच्या सासरी दर ऑक्टोबरात एल्कची शिकार करतात आणि वर्षभर घरात तेच मांस खातात. दोन वर्षांपूर्वी ताईनेही रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं आणि सासऱ्यांची जुनी रायफल घेऊन डोंगरात गेली. रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची. ताईची उंची पाच फूट दोन इंच. सरावातच खांदा काळानिळा झाला, पण ती कुणाला बोलली नाही. शिकारीच्या दिवशी १८० यार्डांवर एक मादी उभी होती. ताईने चाप ओढला आणि गोळी लागली ती मागे, पोटात. जनावर पळालं. दोन दिवस सगळे रक्ताच्या थेंबांमागे फिरले, पण ते सापडलं नाही.

फोनवर ताई म्हणाली, "अरे, मला झोप लागत नाही. रायफल जोरदार होती, दुर्बीण चांगली होती, मग चुकलं कुठे? तू मेकॅनिकलला आहेस ना, जरा गणित करून सांग."

आमच्या मेसमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "मुळात मारायचंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. काश्मीरचा हंगुल हा एल्कचा जवळचा नातेवाईक. तो आता इतका थोडा उरलाय की त्याच्याकडे कॅमेराच रोखावा. पण कोलोरॅडोत एल्क लाखोंनी आहेत, किती मारायचे ते सरकार ठरवतं आणि मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. तिथल्या माणसापुढचा प्रश्न वेगळा आहे. मारायचंच असेल तर ते जनावर तडफडत मरू नये, यासाठी काय करायचं?

आधी शब्द नीट करू

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर. युरोपात मात्र 'एल्क' म्हणजे मूस, म्हणजे वेगळंच जनावर. वाचताना माझाही घोटाळा झाला होता.

आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण काडतूस वेगळं आणि गोळी वेगळी. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू (हॉस्टेलवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये, बंदुकीची दारू!) आणि पुढे बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी. तिचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, म्हणून १४० ग्रेनची गोळी साधारण ९ ग्रॅमची.

धक्का येतो कुठून?

फर्स्ट इयरचा फिजिक्स आठवा. संवेग कायम राहतो. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. वायूचा वेग गोळीच्या वेगाच्या पावणेदोन पट धरायची पद्धत आहे. मी दुर्बिणीसकट साडेतीन किलोची रायफल धरली, नेहमीच्या भरणीचे आकडे घेतले आणि कॅल्क्युलेटर बडवला. धक्क्याची ऊर्जा अशी आली:

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन: सुमारे १५ ज्यूल
६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन: सुमारे १९ ज्यूल
७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन: सुमारे २० ज्यूल
.३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन: सुमारे २३ ज्यूल
.३०-०६ स्प्रिंगफील्ड, १८० ग्रेन: सुमारे ३१ ज्यूल
.३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: सुमारे ४५ ज्यूल

आता गंमत बघा. ७ एमएम-०८ ची गोळी नळीतून निघताना तिच्यात सुमारे ३३०० ज्यूल असतात. .३०० मॅग्नमच्या गोळीत सुमारे ४७५०. म्हणजे गोळीची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली, पण खांद्यावरची १२० टक्क्यांनी! कारण दारू पावणेतीन ग्रॅमवरून साडेचार ग्रॅमवर गेली आणि तिचा वायूही मागे ढकलतोच. मॅग्नमच्या एकूण धक्क्यात जवळजवळ ४० टक्के संवेग नुसत्या वायूचा आहे. साडेतीन किलोची वस्तू ताशी १८ किलोमीटर वेगाने खांद्यावर आपटते. ७ एमएम-०८ मध्ये हाच वेग १२ आहे.

पण खांदा दुखल्याने नेम का चुकावा?

गोळी तर धक्का जाणवायच्या आधीच नळीबाहेर पडलेली असते. मग काय बिघडतं? याचं उत्तर मला पुस्तकात नाही, एनसीसीच्या कॅम्पात मिळालं होतं.

तिथे आम्हाला एसएलआर चालवायला दिली होती. तिचं ७.६२ चं काडतूस म्हणजे .३०८ चंच भावंडं. पहिल्या दोन राउंडना कानशिलं गरम झाली. तिसऱ्याला उस्तादांनी मला न सांगता डमी राउंड भरला. मी चाप ओढला, "टक्" एवढाच आवाज आला आणि नळी चार बोटं खाली गेली. गोळी सुटलीच नव्हती, तरी मी डोळे मिटून खांदा पुढे ढकलला होता! उस्ताद म्हणाले, "देखा? गोली नहीं डरती, तू डरता है."

यालाच 'फ्लिंच' म्हणतात. शरीर पुढच्या धक्क्याची तयारी आधीच करतं. म्हणजे चूक गोळी सुटण्यापूर्वी होते आणि आपल्या लक्षातही येत नाही. एल्कच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम फूट-सव्वा फुटाचं लक्ष्य असतं. तिथे गोळी लागली तर जनावर काही सेकंदांत पडतं. एक फूट मागे लागली तर ताईच्या एल्कसारखं होतं. पोटात लागलेली मॅग्नमची गोळी ही पोटात लागलेलीच गोळी असते, वरच्या १४०० ज्यूलचा तिथे काही उपयोग नाही.

मग सगळ्यात हलकंच घ्यावं का?

नाही. इथे दुसरी बाजू येते. कोलोरॅडोत एल्कसाठी नळी किमान .२४ कॅलिबरची, गोळी किमान ८५ ग्रेनची आणि १०० यार्डांवर ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड हवी, असा नियम आहे. .२४३ यात बसतं. पण कायद्यात बसणं म्हणजे ३५ मार्कांनी पास होणं. जनावर जरा तिरकं उभं असेल, फासळी किंवा खांद्याचं हाड मध्ये आलं, तर शंभर ग्रेनच्या गोळीला फारशी सवलत राहत नाही. कसलेला शिकारी ते निभावतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे आपलं उत्तर मधल्या गटात आहे: ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, फार तर .३०८. हे काही नवं नाही. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी होती. .२७५ हे ७×५७ माउझरचंच इंग्रजी नाव. १९८० मध्ये आलेलं ७ एमएम-०८ कामगिरीत जवळपास तिथेच बसतं. स्वीडनमध्ये तर ६.५×५५ ने लोक पिढ्यान् पिढ्या मूस मारत आले आहेत, आणि मूस एल्कहून मोठा.

गोळीचं वजन कसं निवडायचं?

मला वाटलं होतं, गोळी हलकी केली की धक्का कमी. गणित केलं आणि तोंडावर पडलो. ७ एमएम-०८ मध्ये १४० ऐवजी १२० ग्रेनची गोळी घेतली, तर कारखाना ती जास्त वेगाने सोडतो. संवेग जवळपास तेवढाच. एकाच काडतुसात पूर्ण भरणीला गोळी बदलून धक्का फारसा हलत नाही. धक्का ठरतो काडतुसावर आणि रायफलच्या वजनावर. म्हणून गोळीचं वजन खांद्याकडे बघून नाही, जनावराकडे बघून निवडायचं.

त्यासाठी एक सोपा आकडा आहे, सेक्शनल डेन्सिटी. गोळीचं पाउंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. हा आकडा जितका मोठा, तितकी गोळी खोल जायला तयार (बाकी सगळं सारखं असेल तर). ७ एमएमच्या १४० ग्रेनला तो ०.२४८ येतो. .३०८ च्या १५० ग्रेनला ०.२२६. ६.५ च्या १४० ग्रेनला ०.२८७. म्हणजे वजनाने भारी असलेली .३०८ ची गोळी या हिशोबात मागे पडते, कारण ती जाड आहे. .३०८ घ्यायचीच असेल तर १६५ ग्रेन बरी, पण मग धक्काही थोडा वाढतो.

पण 'बाकी सगळं सारखं' कधीच नसतं. गोळी मांसात शिरल्यावर फुलली पाहिजे, पण फुटून तिचे तुकडे व्हायला नकोत. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला हा धडा १९४६ मध्ये कॅनडात मिळाला. त्याच्या मॅग्नम रायफलच्या गोळ्या मूसच्या चिखलाने माखलेल्या अंगावरच फुटत होत्या, आत जात नव्हत्या. घरी येऊन त्याने मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत घुसतो. ती 'पार्टिशन' गोळी १९४८ पासून विकली जाते. नंतर पूर्ण तांब्याच्या गोळ्या आल्या. त्यांचं वजन आत गेल्यावरही जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून त्यात थोडं कमी वजन चालतं. शिवाय शिशाचे कण मांसात आणि गिधाडांच्या पोटात जात नाहीत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदीच आहे.

ताईला पाठवलेलं उत्तर

१. काडतूस ७ एमएम-०८. गोळी १४० ग्रेनची, पार्टिशनसारखी मजबूत बांधणीची. पूर्ण तांब्याची असेल तर १२० ते १४० ग्रेन.

२. रायफल फार हलकी नको. साडेतीनची चार किलो केली तर धक्क्याची ऊर्जा साडेबारा टक्के कमी होते. पण तीन हजार मीटर उंचीवर ती खांद्यावर वाहायचीही आहे, म्हणून चारच्या वर नको.

३. दस्ता स्वतःच्या हाताच्या मापाचा कापून घे, मागे चांगला रबरी पॅड लाव. पॅडने संवेग कमी होत नाही, पण धक्का जास्त वेळात पसरतो. नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक धक्का खूप कमी करतो, पण आवाज भयंकर वाढवतो. कान जपायचे असतील तर तो नकोच.

४. अंतराची मर्यादा आधी ठरव. एल्कसाठी १५०० फूट-पाउंडांचा एक जुना ठोकताळा आहे. ही गोळी ३०० यार्डांच्या आसपास त्याखाली जाते. तू २५० वर थांब.

५. सराव करताना मधूनमधून दुसऱ्या कुणाला डमी राउंड भरायला सांग. नळी हलली नाही की समज, तयार झालीस.

ताईने वाचून एकच प्रश्न विचारला, "सासऱ्यांना काय सांगू?" त्याचं सूत्र माझ्याकडे नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी एक मादी दिसली, पण ३६० यार्डांवर. सासरे म्हणाले, "माझी रायफल घे." ताई नाही म्हणाली. संध्याकाळी सगळे रिकाम्या हाताने परत आले. पाचव्या दिवशी सकाळी १४० यार्डांवर दुसरी मादी आडवी उभी राहिली. एकच गोळी. जनावर चाळीसेक पावलं चाललं आणि खाली बसलं.

ताईचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी थर्मोचा पेपर होता. मला वाटलं ती खुशीत ओरडेल. ती हळूच म्हणाली, "लवकर गेलं रे." थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिने विचारलं, "जेवलास का?"