घरातील मोबाईल आणि कष्टकरी आईबाप

कर्जतेहून मुंबई लोहमार्गाने सुमारे 100 किलोमीटर आहे. पहाटेची लोकल धरून जो बाप कल्याणास किंवा ठाण्यास कामावर जातो, त्याची मुले तो निघतो तेव्हा निजलेली असतात आणि तो परततो तेव्हा पुष्कळदा पुन्हा निजलेली असतात. खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारे लोक, नेरळ व कर्जत भागांतील फार्महाऊसांवर राखण व स्वयंपाक करणाऱ्या बाया, सुगी आटोपल्यावर पोराबाळांसह वीटभट्टीवर जाणारी ठाकर व कातकरी कुटुंबे, ह्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. अशा घरी मूल दिवसभर कोणापाशी असते असे विचारले, तर "आजीपाशी" असे उत्तर मिळते. आणि आजी कामात गुंतली म्हणजे ते मोबाईलपाशी असते, हे न विचारता समजून घ्यावे. आईबापांस दोष लावण्याकरिता आम्ही हा पाठ लिहीत नाही. ज्यांस दिवसाकाठी मुलाकरिता एक तासही सुटा मिळत नाही, त्यांस शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणे फार सोपे असते. त्या एका तासात काय करता येईल, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही वस्तू आपल्या घरी फार वेगाने आली. खोपोलीच्या वीजघरात 1915 साली वीज उत्पन्न होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांकरिता. त्याच डोंगरातील वाड्यांवर दिवा लागण्यास त्यानंतर फार वर्षे जावी लागली. मोबाईलने इतका धीर धरला नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि थोड्याच वर्षांत चित्रे दाखविणारा फोन झापापर्यंत पोचला. पुढे 2020 च्या मार्चात टाळेबंदी होऊन शाळा मिटल्या, तेव्हा तर शाळेनेच तो मुलांच्या हाती दिला. त्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका मुलांच्या पाठांकरिता लागत असे. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांस फोनावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हापासून "फोन खाली ठेव" असे आईने म्हणावे आणि "अभ्यास करतो आहे" असे मुलाने सांगावे, हा संवाद घरोघरी ऐकू येतो. त्यातील खरे किती व खोटे किती हे आईस कळत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी तिजपेक्षा मुलासच फोन अधिक समजतो.

आता वयाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली व भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली जे मार्गदर्शन केले, ते बहुतेक एकच आहे. दोन वर्षांखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये; दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसातून फार तर एक तास, व त्याहून कमी असल्यास बरे. ह्याचे कारण असे की, तान्हे मूल बोलणे शिकते ते उत्तर मिळाल्याने. ते 'बा' म्हणते, आजी "काय रे बाळा?" म्हणते, मग ते पुन्हा काही म्हणते. फोन अखंड बोलतो, परंतु मुलास उत्तर देत नाही. म्हणूनच आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एक अपवाद ठेविला आहे : दूर असलेल्या नातलगाशी समोरासमोर दिसून बोलण्यास हरकत नाही, कारण तेथे उत्तर देणारे माणूस असते. गाडीतून उतरून दुपारच्या सुट्टीत पाच मिनिटे मुलास तोंड दाखविणारी आई ह्या नियमाने काही वावगे करीत नाही. उलट फोनाचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.

घास भरविताना फोन समोर धरण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र मोडावी. मूल गप्प बसून जेवते हे खरे. पण पोट भरले की नाही, हे त्याचे त्यासच कळेनासे होते. तसेच निजण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा. त्याच्या उजेडाने व त्यातील उत्तेजक चित्रांनी झोप लांबते, आणि मग सकाळी शाळेत डुलक्या येतात. दिवसाउजेडी अंगणात खेळणाऱ्या मुलांस चष्मा लागण्याचे भय कमी, असेही आता सिद्ध झाले आहे; आपल्या गावांत अंगण अजून शिल्लक आहे, ही थोडी गोष्ट नव्हे.

एका गावाने ह्याविषयी काय केले ते सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे, ऊस पिकविणारे गाव आहे. टाळेबंदी उठली तरी मुलांचा फोन सुटेना, असे शिक्षकांस दिसून आले. तेव्हा 2022 च्या ऑगस्टात सरपंच विजय मोहिते व गावकऱ्यांनी ठराव केला की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा, आणि साडेआठास दुसरा भोंगा वाजेपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहावेत. त्या दीड तासात मुलांनी वाचावे, लिहावे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. प्रथम लोक हसले. परंतु गावातील स्त्रियांची सभा भरली तेव्हा मालिकांचे वेड आपणांसही लागले आहे, हे बायांनी आपण होऊन कबूल केले. आशाताई, अंगणवाडी सेविका, सेवानिवृत्त शिक्षक हे काही दिवस घरोघर फिरून पाहत व समजावीत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ह्या गावाने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल देऊच नये असा ठराव केला. आमच्या मते वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ. कारण तेथे बंदी मुलांवर नसून सर्वांवर आहे. बापाच्या हाती फोन असता मुलाने पुस्तक उघडावे, ही अपेक्षा कोणत्याही गावी फळास आलेली नाही.

तथापि वडगावचा भोंगा जसाच्या तसा उचलून आणता येणार नाही. कर्जतेत सात वाजता भोंगा झाला, तर पुष्कळ आईबाप त्या वेळी गाडीत दाराशी उभे असतील. आमच्याकडे वेळ गाडीप्रमाणे व पाळीप्रमाणेच ठरवावी लागेल. बाप घरात पाऊल टाकतो तेव्हापासून ताटे उचलेपर्यंत सर्वांचे फोन एका फळीवर पडावेत, एवढेच ज्या घरी साधेल त्या घरी पुष्कळ साधले. भट्टीवर एकाच खोपटात राहणाऱ्यांस फळीही नसते; तेथे फोन पिशवीत जावा. वाडीवरील शिक्षकांनी व उपदेशक बंधूंनी घरोघरी जाताना ही गोष्ट काढावी. पण स्वतःचा फोन खिशात वाजत असता काढू नये.

दिवसा घरी असणाऱ्या आजीकरिता दोन युक्त्या आहेत. यूट्यूबवर एक चित्र संपताच दुसरे आपोआप लागते, आणि मूल उठावे तरी केव्हा हे त्यास कळत नाही. 'ऑटोप्ले' नावाची ती कळ आईने सकाळी निघण्यापूर्वी बंद करून ठेवावी; चित्र संपले की पडदा थांबतो, आणि फोन मागून घेण्यास आजीस निमित्त सापडते. दुसरी युक्ती 'अ‍ॅप पिनिंग' ही होय. अँड्रॉइड फोनाच्या सुरक्षेच्या भागात ती आढळते. ती लाविली म्हणजे उघडलेल्या एकाच ठिकाणी फोन अडकून राहतो. मुलास गोष्ट लावून दिली असता ते तेथून निघून भलतीकडे जाऊ शकत नाही. थोड्या मोठ्या मुलांकरिता गूगलचे 'फॅमिली लिंक' आहे. त्यात निजण्याची वेळ ठरविता येते व नवे काही घेण्यास आईबापांची संमती लागते. परंतु त्यास आईबापांचा निराळा फोन हवा, म्हणून ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्यांनी पहिल्या दोन युक्त्यांवर भिस्त ठेवावी.

पैशाची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. बापाची महिन्याची मजुरी आज त्याच फोनात असते. यूपीआयचा पिन मुलास सांगू नये, आणि त्याच्यासमोर दाबूही नये. मुलांची नजर तीक्ष्ण असते. 'यूपीआय लाइट' ह्या सोयीत तर लहान रकमा पिनावाचून जातात, म्हणून मूल जो फोन हाताळते त्यात ती ठेवू नये. घरातील सर्वांस हे एक वाक्य पाठ असावे : पैसे देण्यास पिन लागतो, घेण्यास लागत नाही. "बक्षीस लागले, पिन घाला" असे जो सांगतो तो चोर होय. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस 2025 च्या ऑगस्टात झालेल्या कायद्याने मनाई केली आहे. तरीही कोणी मुलास त्यात ओढू पाहील, तर घरी सांगण्याची त्यास भीती वाटू नये इतका मोकळेपणा ठेवावा. मार बसेल ह्या भयाने गप्प राहिलेले मूल दुसऱ्यांदा फसते. पैसे गेलेच, तर सकाळची वाट न पाहता 1930 ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. लवकर कळविले असता रक्कम वाटेत अडविण्याचा संभव असतो. मुलासच कोणी छळीत असेल, तर 1098 हा क्रमांक आहे.

उपयोगाच्याही गोष्टी आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भट्टीवर जाण्यापूर्वी, स्टेशनाजवळ रेंज चांगली असेल तेथे, ती फोनात उतरवून घ्यावीत. मग रिचार्ज संपला तरी पुस्तक संपत नाही. रात्रपाळीच्या आईने एखादी गोष्ट स्वतःच्या आवाजात व्हॉट्सॲपवर बोलून ठेवावी. आजीने ती अंधारात, पडदा पालथा घालून, मुलास ऐकवावी. गोष्ट चांगली सांगता येत नाही म्हणून संकोच करू नये, कारण मुलास गोष्टीपेक्षा आवाज हवा असतो.

आणि पावसाळ्यात फोनातील वीज चित्रांवर खर्चू नये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जाण्यास रस्ता नव्हता. मदत करणारे लोक पावसात, अंधारात डोंगर चढून गेले. डोंगराखालील प्रत्येक घरी जून ते सप्टेंबर एक फोन सायंकाळपासून भरलेला व उशाशी असावा. त्यात पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी तयार केलेले 'दामिनी' हे वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारे अ‍ॅप घालून ठेवावे, आणि तो फोन मुलांनी मागितला तरी देऊ नये.