सायकलीचा चढ आणि दात्यांचे गणित

साधी यंत्रे हा घटक शिकविताना तरफ, कप्पी व उतरण यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यावरच पुष्कळदा भर दिला जातो. वस्तुतः या घटकाचे उत्तम साधन शाळेच्या आवारातच उभे असते. ते म्हणजे सायकल. धनजच्या परिसरात बोरघाटासारखा घाट नाही. परंतु नाल्यातून वर येणारा लहानसा चढही या पाठास पुरेसा आहे. अशा चढावर एखादा विद्यार्थी सायकलीवरून उतरला की सोबती त्यास दुबळा म्हणून हिणवितात. हा समज कितपत खरा, हे वर्गाने मोजून ठरवावे.

प्रथम विद्यार्थ्यांकडून पुढील व मागील दंतचक्रांचे दाते मोजून घ्यावेत. पुढे ४४ व मागे १८ दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरल्यास सायकल ५.४ मीटर पुढे जाते. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून हे अंतर प्रत्यक्ष मोजावे. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ व मागेही २८ दाते असल्यास हेच अंतर केवळ २.२ मीटर भरेल.

आता १०० मीटर लांबीत ५ मीटर उंची गाठणारा चढ घ्यावा. स्वार व सायकल मिळून वजन ६० किलो असल्यास, घर्षण सोडून, चढाविरुद्ध ३ किलो वजनाइतके बल लागते. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर असल्यास एका फेऱ्यात पायडल सुमारे १.०७ मीटर फिरते. म्हणून पहिल्या सायकलीवर पायडलला सरासरी १५ किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो, तर दुसऱ्या सायकलीवर सुमारे ६ किलोइतका पुरतो. मात्र पहिलीस साडेअठरा फेरे पुरतात, दुसरीस साडेपंचेचाळीस लागतात. एकूण कार्य दोहोंत समानच राहते.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करावा. गिअर शक्ती निर्माण करीत नाही. तो बल वाचवितो व त्याची किंमत अंतराच्या रूपाने वसूल करतो. घाटातील रस्ता वळणे घेत लांबतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' या विख्यात शर्यतीत साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरला १९३७ साली मुभा मिळाली. तत्पूर्वी मागील चाकाच्या दोन बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे असत. चढ आला की स्वार खाली उतरून चाक काढी व उलटे बसवी. निष्णात स्वारांनाही जे दाते बदलल्यावाचून अवघड जाई, ते शाळकरी मुलास एकाच दंतचक्रावर जड जावे, यात नवल नाही.

पाठाच्या शेवटी विद्यार्थ्यांस विचारावे : सायकल हातात धरून चालणारा मुलगा एका पावलात किती अंतर जातो? ते पाऊल साधारण अर्ध्या मीटरचे भरेल. म्हणजे उतरून चालणे हाही एक प्रकारे लहान गिअरच होय. हे उमगलेला वर्ग चढावर उतरणाऱ्या सोबत्यास हसणार नाही.